चौघांची मिळून २० एकरांची जागल: थर्मल घ्यावा की नाईट व्हिजन?

टिपेश्वर_काठ

नमस्कार मंडळी. केळापूर तालुक्यात आम्हा चौघा मित्रांची वावरं एकमेकांना लागून आहेत. मिळून साधारण २० एकर, जवळपास चौकोनी. एका अंगाला नाला आणि नाल्यापलीकडे झुडपी जंगल. सोयाबीन निघालं, आता पऱ्हाटी (कपाशी), तूर आणि हरभरा उभा आहे. डुकरं हरभरा उकरतात, रोही (नीलगाय) तुरीचे शेंडे ओरबाडतात, आणि नाल्याच्या रेतीत वाघाचे ठसे अधूनमधून दिसतात. त्यामुळे नुसत्या बॅटरीवर जागल (रात्रीची राखण) करणं आता बरोबर वाटत नाही.

चौघांत मिळून लाखभर रुपयांपर्यंत खर्च करायची तयारी आहे. प्रश्न असे:

थर्मल मोनोक्युलर (एका डोळ्याने पाहायची दुर्बीण) घ्यावा की आयआर, म्हणजे इन्फ्रारेड, टॉर्चवाला नाईट व्हिजन? दुकानदार म्हणतो थर्मलला १२०० मीटरवरचं जनावर दिसते, हे कितपत खरं? आमच्यातला एक जण अमेरिकेतले रात्रीच्या शिकारीचे व्हिडिओ पाहतो. त्यात आवाज काढणारं यंत्र लावून कोयोटला (तिकडचं कोल्ह्यासारखं जनावर) उघड्यावर आणतात. तसं यंत्र लावून तुरीत काय दडलं आहे ते पाहता येईल का? आणि चौघांनी रात्र वाटून कशी घ्यावी?

लेन्सवाला_नागपूर

दोन्ही यंत्रांची कामं वेगळी आहेत, म्हणून 'हे की ते' असा प्रश्नच नीट बसत नाही.

थर्मल उष्णता पाहतो, ८ ते १४ मायक्रॉनमधली. त्याला उजेड लागत नाही, अमावस्या-पौर्णिमा सारखीच. 'तिथं काहीतरी आहे' हे सांगण्यात त्याचा हात कोणी धरत नाही, पण 'ते काय आहे' यात तो कच्चा. डिजिटल नाईट व्हिजन हा साधा कॅमेराच, फक्त आयआर टॉर्चच्या उजेडावर चालणारा. त्यात पट्टे, शिंगं, कान दिसतात. अडचण ही की हरभऱ्यात बसलेलं मातकट डुक्कर हललं नाही तर तुम्ही त्याच्यावरून नजर फिरवून पुढे जाता. शिवाय धुकं, धूळ किंवा समोर तुरीची फांदी असली की आयआरचा उजेड तिथूनच परत येतो आणि सगळं चित्र पांढरं होते.

म्हणून शोधायला थर्मल, ओळखायला दुसरं काहीतरी. पैसा थर्मलवर घाला. ओळखण्यासाठी स्वस्तातला डिजिटल नाईट व्हिजन किंवा चांगली लांब पल्ल्याची बॅटरीसुद्धा चालते.

आता १२०० मीटरचं. हा आकडा खोटा नसतो, पण तुमच्या कामाचा नसतो. कंपन्या 'डिटेक्शन' म्हणतात तेव्हा साधारण १.८ मीटर उंचीचा उभा माणूस दोन-तीन पिक्सेलांचा ठिपका म्हणून उमटला तरी तो 'दिसला' असं धरतात. त्या ठिपक्यावरून माणूस, वासरू की वाघ हे ब्रह्मदेवालाही कळणार नाही. जनावराची जात कळायला त्याच्या उंचीत निदान ६ ते ८ पिक्सेल बसले पाहिजेत, आणि खात्रीने ओळखायचं तर १२-१३.

हिशोब घरीच करता येतो. सेन्सरचा पिक्सेल बहुतेक नव्या यंत्रांत १२ मायक्रॉनचा असतो. १२ ला लेन्सच्या मिलिमीटरने भागा, येईल तो आकडा म्हणजे १०० मीटरवर एक पिक्सेल किती डेसिमीटर जागा व्यापतो ते. १० मिमी लेन्स असेल तर १.२ डेसिमीटर, म्हणजे १२ सेंटिमीटर. १९ मिमीला सव्वासहा सेंटिमीटर. २५ मिमीला पावणेपाच-पाच. पाऊण मीटर उंचीचं डुक्कर घ्या. १० मिमी लेन्समध्ये १०० मीटरवर ते ६ पिक्सेल उंच, म्हणजे काठावर पास. १५० वर चारच पिक्सेल, नापास. १९ मिमीत १५० मीटरवर आठ पिक्सेल, २०० वर सहा. २५ मिमीत २०० मीटरवर आठ. त्यावर डिजिटल झूम लावला तर तेच चौकोन मोठे दिसतात, नवीन माहिती काही येत नाही.

मग सरळ मोठी लेन्स का घेऊ नये? कारण लेन्स मोठी झाली की दिसणारा पट्टा अरुंद होतो. ३८४×२८८ पिक्सेलांच्या सेन्सरला १९ मिमीत सुमारे १४ अंश मिळतात, २५ मिमीत साडेदहा, ३५ मिमीत साडेसात. मचाणावरून अर्धवर्तुळ, म्हणजे १८० अंश पाहायचे तर १४ अंशांत तेरा थांबे होतात आणि साडेसात अंशांत चोवीस. प्रत्येक थांब्याला तीन सेकंद धरा. पहिल्यात चाळीस सेकंदांत एक फेरी, दुसऱ्यात सव्वा मिनिट. रात्रभरात माणूस अरुंद यंत्राला कंटाळतो आणि फेऱ्या मारणं सोडून देतो. अमेरिकेतल्या त्या व्हिडिओंतही शोधण्याचं यंत्र हातातलं, रुंद पट्ट्याचं असते आणि बंदुकीवरची दुर्बीण वेगळी. लोक पाहतात फक्त दुसरीला.

२० एकर चौकोन म्हणजे एक बाजू साधारण २८५ मीटर. मचाण मध्यावर असेल तर सगळ्यात लांबचा कोपरा २०० मीटरवर येतो. कोपऱ्यात असेल तर समोरचा कोपरा ४०० मीटरवर. मध्यावर मचाण आणि ३८४ सेन्सर, १९ मिमी लेन्स, हे माझं मत. तुमच्या बजेटात ३८४ ताणून येईल. २५६×१९२ आरामात येईल, पण मग खात्रीचा पल्ला १०० मीटर समजा आणि मचाणं दोन करा.

बाकी घेताना पाहायच्या गोष्टी: फ्रेम रेट, म्हणजे सेकंदाला किती चित्रं, २५ हर्ट्झच्या खाली नको, ९ हर्ट्झच्या यंत्रात फिरवताना चित्र घसटते. संवेदनशीलता मिलिकेल्विनमध्ये (अंशाचा हजारावा भाग) लिहिलेली असते, आकडा जितका लहान तितकं बरं. दमट हवेत आणि उन्हाळ्यात ४० मिलिकेल्विनच्या वरचं यंत्र चिखल दाखवते, २५ च्या आसपासचं घ्या. बॅटरी काढता येणारी, शक्यतो १८६५० सेल (सुटा मिळणारा लांबट गोल सेल). आतच बसवलेली असेल तर दोन-तीन वर्षांनी यंत्रच वर्कशॉपला जाते.

आणि एक, ज्यावर दुकानदार बोलत नाहीत: थर्मल काचेतून पाहू शकत नाही. ट्रॅक्टरच्या केबिनमधून, गाडीच्या बंद काचेतून तुम्हाला स्वतःचंच धूसर रूप दिसेल. मचाणाला ॲक्रेलिकची खिडकी लावली असेल तर तीही काढा.

जुना_जागल्या

लेन्सवाल्या भाऊंनी यंत्राचं सांगितलं, मी वावरातलं सांगतो.

पहिले शेकोटी. मचाणाखाली शेकोटी पेटवून वरून थर्मल फिरवला की ती चौकटीत येते, आणि यंत्र सगळा उजेड-अंधार तिच्या हिशोबाने लावून घेते. शेकोटी पांढरीफट आणि बाकी वावर काळं. डुक्कर त्या काळ्यात गडप. शेकोटी पाहिजेच असेल तर मचाणाच्या मागे, धुऱ्याच्या (बांधाच्या) आड ठेवा आणि यंत्र तिच्याकडे वळवू नका. मोटरपंपाची गरम बॉडी, नुकती बंद केलेली मोटरसायकल, यांचंही तेच.

दुसरं, हंगाम. डिसेंबर-जानेवारीत रात्री माती गार होते आणि जनावर दिव्यासारखं उठून दिसते. एप्रिल-मे महिन्यात आपल्याकडे दिवसा ४५ अंश तापलेला मुरूम, दगडी धुरे अन् पांदणीचा रस्ता मध्यरात्रीपर्यंत गरम राहते. तेव्हा प्रत्येक दगड जनावर वाटते आणि जनावर दगडात मिसळते. उन्हाळ्यात रात्री दोननंतरच यंत्राचा खरा उपयोग. सूर्य उगवायच्या अन् मावळायच्या सुमारास माती, झाड आणि अंग एकाच तापमानाला येते, तेव्हा अर्धा-पाऊण तास चित्र कोणत्याच मोसमात भरवशाचं नसते. आणि नेमकी हीच वाघ-बिबट्याच्या हालचालीची वेळ. ती वेळ मचाणावरच काढा.

तिसरं, उभी तूर. थर्मल पानांतून आरपार पाहते हा गैरसमज लय लोकांना असते, तसं होत नाही. पाच-सहा फूट तुरीत डुकरांचा कळप असला तर पानांच्या फटीतून पांढरे ठिपके लुकलुकतात, बस. त्यावर उपाय एकच, तासाच्या (पेरणीच्या ओळीच्या) दिशेने पाहा. आडवं पाहिलं तर पानांची भिंत, तासाच्या रेषेत पाहिलं तर दोन ओळींमधली मोकळी पट्टी शेवटपर्यंत दिसते. मचाण बांधताना तूर कोणत्या दिशेने पेरली ते पाहून जागा धरा. पुढच्या वर्षी मचाण ठेवायचं आणि पेरा वळवायचा, हेही चालते.

आता ओळख. पांढरा ठिपका दिसला की लगेच नाव देऊ नका, एक मिनिट चाल पाहा.

डुक्कर: मान नाही, पाठ गोल, तोंड मातीत. कळपात लहान-मोठे ठिपके, सारखी धक्काबुक्की. चिखलात लोळून आलं असेल तर अंग मंद दिसते आणि कान-तोंडच चमकते, त्यामुळे अर्धवट आकार पाहून फसू नका.

रोही: पाय लांब, खांदा उंच अन् मागचा भाग उतरता. मान वर करून थांबते, मग शेंडे खाते. घोड्यासारखं वाटलं की समजा रोही.

कोल्हा आणि गावकुत्रं: दुडकी चाल, सारखी दिशा बदलते. यांनाच बिबट समजून रात्री गावभर फोन जातात.

बिबट: शेपूट जवळपास अंगाएवढं लांब, खाली लोंबून टोकाशी वर वळलेलं. पोट जमिनीजवळ. चालते, थांबते, पुन्हा चालते. मचाण दहा फुटांचं असो की बारा, तो चढू शकते हे ध्यानात ठेवा. शिडी वर ओढून घ्या आणि वर तिन्ही बाजूंना टिन किंवा जाळी असू द्या.

वाघ: नवीन माणूस त्याला गोऱ्हा समजते. फरक पायांत आहे. गोऱ्ह्याचं पोट जमिनीपासून उंच अन् पाय काड्यांसारखे, वाघाचं अंग लांब, पाय आखूड जाड, डोकं खांद्याच्या रेषेत. गोऱ्हा एका जागी उभा राहून चरते, रवंथ करते. वाघ धुऱ्याच्या कडेने, नाल्याच्या काठाने सरळ जाते. मोकाट गुरं आपल्याकडे इतकी आहेत की दहापैकी नऊ वेळा गोऱ्हाच निघते. पण दहाव्यासाठीच तर हे यंत्र.

अस्वल: केस दाट, त्यामुळे उष्णता बाहेर येत नाही. अंग काळपट आणि तोंड तेवढं पांढरं. असं विचित्र चित्र दिसलं तर खाली उतरू नका. अस्वल पळून जात नाही, अंगावर येते.

'आमच्याकडे जंगल नाही, वाघ कुठून येईल' म्हणणाऱ्यांसाठी एवढंच. २०१९ मध्ये यवतमाळच्या टिपेश्वर अभयारण्यातून निघालेला कॉलर लावलेला वाघ शेताशेतातून चालत बुलढाण्याच्या ज्ञानगंगा अभयारण्यात पोचला होता. वाटेतल्या बहुतेक गावांना पत्ताही लागला नाही.

कलम_अकरा

आवाजाच्या यंत्राबद्दल स्पष्ट सांगतो: नको.

अमेरिकेत कोयोट बहुतेक राज्यांत वर्षभर मारता येतो. रात्री मारता येतो का, थर्मल चालते का, हे तिथंही राज्याराज्यांत वेगळं आहे. जखमी सशाचा आवाज लावून त्याला बोलावतात, वाऱ्याच्या खालच्या अंगाने तो येतो, आणि तिथं बंदूकवाला बसलेला असतो. तो सगळा खेळ त्यांच्या कायद्यातला आहे.

आपल्याकडे वन्यजीव संरक्षण अधिनियम, १९७२ मध्ये 'शिकार' या शब्दातच पकडणं, फासे लावणं, हाकून नेणं, आमिष दाखवणं हे सगळं येते. बंदूक चाललीच पाहिजे असं नाही. २०२२ च्या दुरुस्तीनंतर कोल्हासुद्धा पहिल्या अनुसूचीत, म्हणजे वाघ-बिबट्याच्या रांगेत आहे. त्या अनुसूचीतल्या जनावराच्या शिकारीला तीन ते सात वर्षांची कैद आहे. डुक्कर आणि रोहीसाठी कलम ११ खाली वनाधिकाऱ्याची लेखी परवानगी लागते, आणि पीकसंरक्षणासाठी मिळालेला बंदुकीचा परवाना म्हणजे ती परवानगी नव्हे. हे दोन वेगळे कागद आहेत. थर्मल जवळ असणं हा गुन्हा नाही, पण जंगलाच्या हद्दीत रात्री थर्मल, बंदूक आणि चौघे जण एकत्र सापडले तर खुलासा कोणी ऐकून घेणार नाही. यंत्र घेऊन वावराची हद्द ओलांडूच नका.

कायदा बाजूला ठेवला तरी हा वेडेपणाच आहे. सशाच्या किंवा पाडसाच्या किंकाळीला आपल्याकडे कोल्हा येईल याची खात्री नाही, बिबट येण्याची शक्यता मात्र भरपूर. आणि तुम्ही बसणार बाराफुटी मचाणावर.

वाघ किंवा बिबट दिसला तर: खाली उतरायचं नाही, बॅटरीचा झोत डोळ्यांवर धरून ठेवायचा नाही, फटाके लावून हाकायचं नाही. हाकलेला वाघ शेजारच्या वावरात जाईल आणि तिथं कोणी बारे (पिकाला पाणी) देत असेल. आधी शेजाऱ्यांना फोन, मग वनरक्षकाला किंवा वनविभागाच्या १९२६ या टोल फ्री क्रमांकावर. सांगताना गट नंबर, कोणत्या दिशेला गेला, किती वेळ झाला, बरोबर पिल्लं होती का, एवढं नेमकं सांगा. थर्मलमधला व्हिडिओ वनविभागाला द्या. गावच्या ग्रुपवर जागेसकट टाकला की पहाटे पन्नास जण पाहायला जातात, आणि पुढचं तुम्हाला माहीतच आहे.

नुकसान झालं तर तीन दिवसांच्या आत अर्ज, म्हणजे पंचनामा होतो. थर्मलचं रेकॉर्डिंग पंचनाम्याला जोडता येते, फक्त यंत्रातली तारीख-वेळ आधी बरोबर लावून ठेवा. बहुतेक यंत्रांत ती कारखान्यातलीच असते.

टिपेश्वर_काठ

सगळ्यांचे आभार. यंत्राचा विषय मिटला. आता अडचण दुसरी. रात्रीची लाईट असली की हरभऱ्याला बारे द्यावेच लागतात, मचाणावर बसून भागत नाही. विहीर नाल्याच्या बाजूला आहे. चौघांपैकी दोघे तिथं असतात. एका थर्मलमध्ये कसं जमवावं?

जुना_जागल्या

यंत्र एक असेल तर ते मचाणावरच राहील. बारे देणाऱ्याच्या हातात ते दिलं तर तो फावडं धरणार की यंत्र? आणि पाण्याजवळ पडलं की लाखाचं नुकसान.

क्रम असा ठेवा. एक जण वर, थर्मल घेऊन. दुसरा त्याच्याजवळ, झोपलेला, दोन तासांनी पाळी बदलायची. सलग दोन तासांवर डोळा काम करत नाही. बाकी दोघे पाण्यावर. उतरायच्या आधी वरच्याने तीन मिनिटं मोजून विहिरीची वाट, नाल्याचा काठ आणि पऱ्हाटीच्या कडा पाहाव्या. पऱ्हाटीच्या दाट पट्ट्यात बसलेला वाघ वरूनही दिसणार नाही, म्हणून वाट अशी धरा की दोन्ही बाजूंना निदान पंधरा-वीस पावलं मोकळा हरभरा असेल, लांब पडली तरी चालेल. खाली दोघे आहेत तोवर वरच्याचा फोन त्यांच्याशी चालूच, कानात इयरफोन एकाच बाजूला. दर पाच मिनिटांनी वरचा बोलेल: 'नाला मोकळा, धुरा मोकळा.' काही बोलला नाही तर खालच्यांनी काम थांबवून विचारायचं.

दोघांनी एकाच वेळी वाकायचं नाही. दांड फोडताना, बारं मोडताना माणूस वाकते, तेव्हा तो वाघाला माणूस वाटत नाही, चारपायी जनावर वाटते. एक वाकला की दुसरा ताठ उभा, हेडलॅम्प लावून, बोलत. बहिर्दिशेला बसायचं काम संध्याकाळीच उरकून या. हे हसण्यावारी नेऊ नका.

आणि थर्मलला जे दिसत नाही ते सगळ्यात आधी सांगायला पाहिजे होतं कोणीतरी: तार. शेजाऱ्याने डुकरांसाठी लाईनवरून सरळ करंट सोडलेली तार धुऱ्यावर असेल तर ती थर्मलमध्ये दिसणार नाही, तिला उष्णताच नसते. रात्री जनावरामागे धुरा ओलांडून जाऊ नका. हंगामाच्या सुरुवातीलाच आजूबाजूच्या सगळ्यांशी बसून बोला. असा करंट सोडणं गुन्हाच आहे, आणि त्यात वाघही मरतात अन् माणसंही.

झटका_मशीन_वर्धा

जागल रोजची असेल तर थर्मलइतकाच पैसा सौर झटक्यावर (सौर उर्जेवरचं विजेचं कुंपण) घाला, मग जागल निम्मी होते. लाईनचा करंट आणि झटका यातला फरक कळावा म्हणून सांगतो: एनर्जायझर (झटक्याचं मशीन) साधारण सेकंदाला एकदा, सेकंदाच्या अगदी बारीक अंशापुरता झटका सोडते. व्होल्टेज आठ-दहा हजार असले तरी ऊर्जा मर्यादित, म्हणून जनावर दचकते, मरत नाही. २३० व्होल्टची लाईन सोडतच नाही, तिथं स्नायू आखडून जनावर चिकटते.

तुमच्याकडे डुक्कर आणि रोही दोन्ही आहेत, म्हणून तारा चार-पाच लागतील. सगळ्यात खालची जमिनीपासून २० ते २५ सेंटिमीटरवर, दुसरी ४५ वर. या दोन डुकरासाठी. खालची तार ३० वर गेली की डुक्कर खालून नाक घालून उचलते. रोहीसाठी वरची तार दीड मीटरवर.

झटका लागत नाही अशा दहा तक्रारींत आठ अर्थिंगच्या असतात. यवतमाळकडच्या मुरमाड जमिनीत एक खुंटी ठोकून भागत नाही. मीटरभराच्या तीन जीआय (जस्त चढवलेल्या लोखंडी) खुंट्या, एकमेकींपासून दोन-तीन मीटरवर, तारेने जोडून, कोळसा-मीठ भरून. उन्हाळ्यात आठवड्याला त्यावर बादलीभर पाणी. नाल्याकडची ओलसर जागा असेल तर अर्थिंग तिथंच करा. दुसरं कारण गवत. तारेला ओलं गवत टेकलं की व्होल्टेज तिथंच जमिनीत जाते. मशीनजवळ न मोजता सगळ्यात लांबच्या टोकाला मीटर लावा, पाच हजारांच्या खाली असेल तर फेरी मारून गवत काढा. पहाटे दव पडल्यावर आकडा आणखी उतरते, म्हणून मोजायचं पहाटेच.

जन-वन विकास योजनेतून सौर कुंपणाला अनुदान मिळते, तुमचं गाव त्यात बसते का ते वनपरिक्षेत्र कार्यालयात विचारा.

लेन्सवाला_नागपूर

यंत्र येईल तेव्हा उपयोगी पडेल म्हणून थोडं.

पहिल्या संध्याकाळी अंधार पडल्यावर ओळखीचं गुरू ५०, १०० आणि १५० मीटरवर बांधून तिन्ही जागांवरून पाहा. चौघांनीही. डोळ्याला सवय नसेल तर अंतराचा अंदाज हमखास चुकते, जवळचा ससा लांबचं डुक्कर वाटते. वावरात ठरावीक झाडं, विहीर, खांब यांची अंतरं दोरीने मोजून एका कागदावर लिहा आणि कागद मचाणावर चिकटवा.

फोकस आधी डोळ्याकडचा करा, म्हणजे पडद्यावरची अक्षरं स्पष्ट झाली पाहिजेत, आणि मग लेन्सचा. बरेच जण फक्त लेन्स फिरवत बसतात आणि यंत्र खराब म्हणतात. पडद्याचा उजेड अगदी कमी ठेवा. 'व्हाईट हॉट' (गरम ते पांढरं) शोधायला बरं, 'ब्लॅक हॉट' (गरम ते काळं) ओळखायला, त्यात अंगाची रेषा जास्त कळते. रंगीत पॅलेट दुकानात छान दिसतात, वावरात डोळा थकवतात.

मधूनमधून टक् असा आवाज होऊन चित्र क्षणभर थांबते, ते बिघडलं नाही. आतलं शटर पडून सेन्सर स्वतःला सारखा करते. चित्रावर उभे पट्टे किंवा डाग आले तर यंत्रावरचं कॅलिब्रेशनचं बटण दाबून हेच हाताने करा.

पहाटे लेन्सवर दव बसलं की चित्र एकदम सपाट होते आणि लोक बॅटरी बदलतात. दुपट्ट्याने पुसू नका. जर्मेनियमच्या लेन्सवर लेप असते, धुळीने त्यावर ओरखडे पडतात आणि नवी लेन्स जवळपास यंत्राच्याच किमतीत पडते. आधी फुंकणीने धूळ उडवा, मग लेन्सचं कापड. फवारणी चालू असलेल्या दिवशी तर यंत्र घरीच ठेवा. आणि दिवसा 'चालते का पाहू' म्हणून सूर्याकडे रोखू नका, सेन्सरवर कायमचा डाग पडते आणि तो वॉरंटीत बसत नाही.

१८६५० सेल एका भरणीत पाच ते आठ तास देते, थंडीत त्याहून कमी, वायफाय चालू ठेवलं तर आणखी कमी. मोबाइलवर चित्र दाखवण्याची सोय चौघांना आवडेल, पण जागलीत ती बंद ठेवा. जोडीचा सेल शर्टाच्या खिशात, अंगाच्या उबेला. सेल विकत घेताना ३००० ते ३५०० एमएएचचाच घ्या. वर ९९०० लिहिलेले मिळतात, त्या आकाराच्या सेलमध्ये एवढी क्षमता बसतच नाही.